मुलांना शेळीची धार काढायला शिकवताय? या चुका टाळा

पहिल्या दिवशी चरवीत दुधाऐवजी शेळीचा पाय पडला. भाचा नऊ वर्षांचा, दिवाळीच्या सुट्टीला आलेला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आत्या, ही शेळीच वाईट आहे." शेळी बिचारी गुणाची होती, चुकले होते मी. पहिलारू शेळीखाली मी त्याला बसवलं होतं. तिचं ते पहिलंच वेत, सड कोवळे, कासेला माझ्याशिवाय कोणाचा हात माहीत नाही. त्यानंतर दर सुट्टीला पोरं येतात, आणि आता माझं पक्कं मत झालंय: धार काढताना मुलं ज्या चुका करतात, त्यातल्या निम्म्या आधी आपण मोठ्यांनी केलेल्या असतात.

तेव्हा पहिली गोष्ट, शिकायला दोन-तीन वेतं झालेली, शांत, लांब सडांची शेळी द्या. आणि शेळीखाली बसवण्याआधी एक दिवस हातमोज्यावर सराव करू द्या. रबरी हातमोज्यात पाणी भरायचं, एका बोटाच्या टोकाला सुईनं भोक पाडायचं आणि तो खुंटीला टांगायचा. अंगण ओलं होतं, पोरं हसतात, पण हाताला वळण लागतं.

ओढायचं नाही, आवळायचं

धार म्हणजे सड खाली ओढणं, असंच प्रत्येक मुलाला वाटतं. ओढल्यानं दूध कमी येतं आणि सड दुखतो. मग लाथ बसते.

खरी रीत अशी. अंगठा आणि तर्जनी यांनी सडाचं वरचं टोक, म्हणजे कासेला लागूनची जागा, बंद करायची. सडात आलेलं दूध आता परत वर जाऊ शकत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी, या क्रमानं एकेक बोट मिटत जायचं. धार सुटली की मूठ सैल सोडायची, सड पुन्हा भरतो. शेळीला दोनच सड, त्यामुळे डावा-उजवा असा ताल लवकर बसतो. धार येत नसेल तर मुलाच्या चेहऱ्याकडे बघू नका, बोटांकडे बघा. बहुतेक वेळा करंगळी आधी मिटलेली असते आणि दूध उलटं वर चढत असतं. सड आखूड असेल तर लहान हाताची तीनच बोटं मावतात, तेवढी पुरेत. अंगठा आत मुडपून त्याच्या हाडावर सड दाबायची सवय मात्र लागू देऊ नका. आमच्या पिढीतल्या कित्येकांना ती आहे, आणि सडाला आतून इजा होते ती त्यानंच.

यात मूल जे शिकतं ते मला शब्दांत शिकवता आलं नसतं. जोर आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला हातालाच कळतं.

शेळी पान्हा चोरते तेव्हा

कालपर्यंत दूध देणारी शेळी आज देत नाही, अशी तक्रार येते. चौकशी केली की निघतं, गोठ्यात चार जण उभे होते, एकाच्या हातात मोबाईल, रील चाललेलं, आणि आई खाटेवरून "जोरात दाब, जोरात" असं सांगत उंटावरून शेळ्या हाकत होती. जनावर घाबरलं की पान्हा सोडणारा संप्रेरक काम करत नाही. ओरडून, चापट मारून तो परत येत नाही. गव्हाणीत मूठभर भरडा टाका, करडू समोर बांधा, कासेवरून कोमट ओलं फडकं फिरवा, मिनिटभर थांबा. नखं वाढलेली असतील तर आधी ती कापा. वेळ आणि बसायची बाजू रोज तीच ठेवा. आमच्याकडे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. काल मुलगा आठला उठला, तर कास तडतडत होती आणि शेळी ओरडत होती. मला काही बोलावं लागलं नाही.

बोट दुधात बुडवू नका

हात सरकावा म्हणून चरवीतल्या दुधात बोटं बुडवायची सवय घरोघरी आहे. तीच बोटं सडावर, तीच दुधात, म्हणजे घाण दोन्हीकडे. हात साबणानं धुऊन कोरडे करा, बस.

पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्यायच्या, चरवीत नाही. गाठी, रक्त, पाणचट दूध दिसलं, किंवा कासेची एक बाजू गरम आणि घट्ट लागली, तर ती दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेच्या आजाराची, सुरुवात समजा. ते दूध बाजूला काढून डॉक्टरांना बोलवा. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध वापरायचं नाही. हे फडकं मी मुलांच्या ताब्यात देते. गेल्या वर्षी भाचीनं गाठ पाहिली, मला दिसली नव्हती.

आणि धारोष्ण दूध. शब्द सुंदर, पण शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा तापाचा आजार माणसाला होऊ शकतो, म्हणून उकळूनच प्यायचं. दुधाला वास येतो म्हणून नाक मुरडत असतील तर आधी बोकड कुठे बांधलाय ते बघा. त्याचा उग्र दर्प दुधाला लागतो.

मुलाचा हात पाच मिनिटांत भरून येतो, तिथं उरलेली धार तुम्ही पुरी काढा. कासेत दूध राहत गेलं तर शेळी हळूहळू आटते. धार संपल्यावर अर्धा तास तिला बसू देऊ नका, सडाचं तोंड उघडं असतं. समोर चारा टाकला की ती उभी राहते, आणि चारा टाकणं हे काम पोराचं.

करडांचा वाटा

"सगळं काढू का?" या प्रश्नाला लगेच हो म्हणू नका, हिशोब करायला लावा. लहान करडाला रोज वजनाच्या साधारण दहावा भाग दूध लागतं. करडू ३ किलोचं, तर ३०० मिली, तेही तीन-चार वेळांत. जुळी असतील तर ६००. उरलं ते आपलं. व्याल्यावरचा चीक तर करडांचाच, खरवसाची आठवण कोणी काढली तरी. गाभण काळ साधारण १५० दिवसांचा. १ जूनला फळलेली शेळी २९ ऑक्टोबरच्या आसपास व्यायला हवी, हे कॅलेंडरवर मोजायला सांगितलं की तास निघून जातो.

शेवटची चूक माझ्या वहिनीची. दिवाळीत भाच्यानं एका बोकड करडाला नाव ठेवलं होतं, मे महिन्यात आला तर ते नव्हतं. वहिनी म्हणाली, "गावाला गेलं." तो म्हणाला, "कोणत्या गावाला?" दूध हवं तर शेळी व्यावी लागते, आणि व्याली की बोकडही होतात, सगळे गोठ्यात राहत नाहीत, हे मग मी सांगितलं. दोन दिवस तो गोठ्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, आणि नव्या करडाला नाव ठेवायचं की नाही यावर बहिणीशी भांडत बसला.