जिओकॅशिंग: डबा सापडला नाही म्हणून उपग्रहांना बोल लावण्यापूर्वी या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा, त्याच्या इंटरनेटवर जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून आणि माहितीवरून जीपीएसच्या मदतीने शोधायचा आणि आतल्या वहीत आपली नोंद करून तो परत ठेवायचा. या छंदात नव्याने पडलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘जीपीएस चुकीचे दाखवते.’ ही तक्रार ऐकून माझे कान किटले आहेत, कारण खोलात जाऊन चौकशी केली की दोष बहुधा आकडे उतरवणाऱ्या हातांचा किंवा थांबायला तयार नसलेल्या पायांचा निघतो. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि तोवर शंभरेक मीटरपर्यंत भरकटणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले, आणि त्या काळातल्या बोजड यंत्रांच्या आधाराने लोकांनी ती काही दिवसांतच शोधूनही काढली. आजचा फोन त्या यंत्रांहून कितीतरी सरस आहे. तरीही डबा सापडत नसेल तर आधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

सर्वांत महाग पडणारी चूक आकड्यांच्या मांडणीची आहे. या छंदात स्थान सांगताना अंश आणि दशांश मिनिटे वापरण्याची रीत आहे, तर नकाशाच्या अनेक ॲपमध्ये दशांश अंश आणि जुन्या यंत्रांमध्ये अंश-मिनिटे-सेकंद असतात. तिन्ही मांडण्या दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या असल्याने घोटाळा होतो. उल्मर यांच्या बादलीचेच उदाहरण घेऊ. तिचे स्थान उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८०० असे आहे. यातील .४६० हा मिनिटाचा दशांश भाग असल्याने त्याचे २७.६ सेकंद होतात. परंतु घाईत असलेला माणूस ते ‘१७ मिनिटे ४६ सेकंद’ असे वाचतो आणि १८.४ सेकंदांनी, म्हणजे सुमारे ५७० मीटरांनी, उत्तरेकडे सरकतो. तेच ४५.१७४६० असे दशांश अंश समजून भरले, तर तो जवळजवळ १३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन उभा राहील. यात गंमत अशी की रेखांशातील .८०० हे ‘८० सेकंद’ म्हणून भरू पाहिल्यास यंत्र नकार देते, कारण साठाच्या वर सेकंद नसतात. तो नकार आला की शहाण्याने तिथेच थांबून मांडणी तपासावी; मात्र अक्षांश आणि रेखांश दोन्हींमध्ये टिंबानंतरचे पहिले दोन आकडे साठाच्या आत असले, तर यंत्र काहीही कुरकुर न करता तुम्हाला चुकीच्या जागी घेऊन जाते.

मला हे पुस्तकातून कळलेले नाही. छंदाच्या पहिल्याच वर्षी मी भाच्याला बरोबर घेऊन एका टेकडीवरच्या डब्याच्या शोधात निघालो. त्याच्याकडे फोन होता. पण ‘खरे यंत्र ते यंत्र’ या माझ्या हट्टापायी आम्ही हातातले स्वतंत्र जीपीएस यंत्र घेतले होते आणि आकडे मी स्वतः भरले होते. बाणाने आम्हाला पायवाट सोडायला लावली, काटेरी झुडपांतून एका कोरड्या ओढ्यात उतरवले आणि अंतर शून्य दाखवले. तिथे एकसारख्या गोट्यांचा खच पडला होता. दोन तास आम्ही गोटे उचलून पाहत होतो. माहितीत ‘भिंतीचा कोपरा’ असा शब्द होता आणि ओढ्यात भिंत कुठेही नव्हती. तरीही मी ‘पूर्वी असेल, वाहून गेली असेल’ असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेतले, हे आता लिहितानाही लाज वाटते. शेवटी पाणी पिण्यासाठी बसलो असताना भाच्याने छापील कागद हातात घेतला आणि म्हणाला, “मामा, यात मिनिटांनंतर टिंब एकच आहे. मग तुम्ही सेकंद कुठून भरलेत?” मांडणी बदलून तेच आकडे पुन्हा भरल्यावर बाण गर्रकन मागे फिरला. भिंत अर्ध्या किलोमीटरवर, आम्ही सोडलेल्या पायवाटेला लागूनच होती आणि डबा शोधायला चार मिनिटेही लागली नाहीत.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. आकडे भरून झाले की मी बाणाकडे पाहतच नाही. आधी नकाशावर तो बिंदू कुठे पडतो ते पाहतो आणि डब्याच्या माहितीत सांगितलेली खूण, मग ती वाट असो, पूल असो की भिंत, बिंदूच्या आसपास आहे का ते पडताळतो. यासाठी अर्धे मिनिट पुरते. शक्य असेल तेव्हा आकडे हाताने न भरता थेट यंत्रात उतरवून घ्यावेत हे खरे, पण काही डब्यांचे आकडे कोडे सोडवूनच मिळतात, ते हातानेच भरावे लागतात आणि नेमके तिथेच .०४६ चे .४६ होऊन साडेसातशे मीटरांहून अधिक फरक पडतो. टिंबानंतर तीन आकडे आलेच पाहिजेत, मधले शून्य गाळायचे नाही.

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारचौकटीवर मोजले जातात ती, हीसुद्धा तपासण्याची गोष्ट आहे. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर असावे, एवढे एकदा पाहून ठेवले की पुरे. फोन वापरणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, पण कागदी नकाशाशी जुळवण्यासाठी कोणी तरी सेटिंग बदललेले जुने यंत्र उसने घेतले असेल तर जरूर पाहावे. जपानचा जुना टोकियो डेटम निवडला गेला तर तिथे चारशे मीटरांहून अधिक चूक होते.

नकाशावर प्रश्नचिन्हाची खूण असलेले डबे म्हणजे कोडी असतात आणि त्यांच्यासाठी जाहीर केलेल्या बिंदूवर सहसा काहीही नसते. खरी जागा साधारण तीन किलोमीटरांच्या परिसरात, पण कोडे सोडवल्यावरच कळते. माहिती न वाचता थेट तिथे जाऊन झुडपे चाळणाऱ्यांबद्दल मला आता सहानुभूती उरलेली नाही.

आता शून्याविषयी. अंतर शून्य झाले की पायाखालीच डबा असला पाहिजे, हा समज नवशिक्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटर असते. डबा लपवणाऱ्याच्या यंत्रालाही तेवढीच चूक होती असे धरले, तर दोन्ही मिळून दहा मीटरांचा फरक सहज पडू शकतो, आणि दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर भरते. वर दाट झाडी असेल, बाजूला कडा किंवा उंच इमारत असेल, तर संकेत तिच्यावर आपटून वळसा घेत यंत्रापर्यंत पोहोचतो आणि चूक आणखी वाढते. अँड्रॉइड फोनवर अचूकतेसाठी दिसणारा आकडाही हमी नसतो: ‘चार मीटर’ याचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के आहे, म्हणजे तीनांतून एकदा ती बाहेर असणार. तरीही लोक ‘दोन मीटर डावीकडे, आता तीन मीटर मागे’ असे करत फोन नाचवत राहतात. उभ्या माणसाची दिशा जीपीएसला कळत नाही, ती चालण्यावरूनच काढता येते; उभे असताना बाण फिरवतो तो फोनमधील होकायंत्राचा संवेदक, आणि फोनच्या कव्हरला चुंबकाची पट्टी असली तर त्या संवेदकावर किती भरवसा ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावे.

मी पंधरा मीटर उरले की थांबतो, एक मिनिट फोन स्थिर धरतो, मग सरळ रेषेत सावकाश चालत जातो आणि दहा मीटर उरल्यावर फोन खिशात टाकतो. पुढचे काम डोळ्यांचे. डब्याचा आकार माहितीत दिलेला असतो: सूक्ष्म म्हणजे १०० मिलिलिटरहून कमी, लहान म्हणजे एक लिटरपर्यंत, नेहमीचा म्हणजे १ ते २० लिटर. आकार कळला की अर्ध्याअधिक जागा आपोआप बाद होतात. एक लिटरचा डबा फरशीच्या फटीत मावणार नाही आणि शेंगदाण्याएवढी डबी कोणी झाडाच्या ढोलीत उगाच टाकणार नाही. कोणती काटकी निसर्गतः अशी समांतर पडणार नाही, कोणत्या दगडाखालची माती उघडी आहे, हे पाहायला शिकावे. डब्याच्या माहितीत सांकेतिक अक्षरांत एक इशाराही दिलेला असतो; मी स्वतः शोधाला लागलो की निदान वीस मिनिटे तो उघडत नाही. हा इशारा उलगडण्यात काही विशेष नाही, रोमन लिपीतील अक्षर तेरा जागा पुढे सरकवले की तो वाचता येतो. पण पोहोचण्याआधीच तो वाचून ठेवणारे लोक हा छंद कशासाठी करतात हे मला समजलेले नाही.

शोधणाऱ्याच्या चुकीचा त्रास त्याचा त्यालाच होतो. लपवणाऱ्याची चूक मात्र सगळ्यांना भोवते. माझा पहिला डबा मी एका कललेल्या झाडाच्या बुंध्याशी, शेवाळलेल्या दगडांच्या आडोशाला ठेवला. फोन नुकताच पिशवीतून काढला होता, पडद्यावर ‘चार मीटर’ असे दिसले, मी ते एकच माप टिपले आणि खुशीत घरी आलो. महिन्याभरात तक्रारी येऊ लागल्या. पहिल्या शोधकाने तर बावीस मीटरांचा फरक मोजून कळवला. मी पुन्हा तिथे गेलो तेव्हा डबा आपल्या जागी शाबूत होता, पण मी जाहीर केलेल्या बिंदूभोवतीचा एकही दगड जागेवर राहिला नव्हता. शेवाळाची बाजू खाली, ओली काळी माती वर, आणि मधोमध कोणीतरी काठीने उकरून पाहिल्याच्या खुणा. ज्या जागेसाठी मी तो डबा तिथे ठेवला होता, तीच जागा माझ्या एका आळशी मापाने उद्ध्वस्त झाली होती. त्या शोधकांना मी दोष देऊ शकलो नाही.

म्हणून आता मी तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन मापे घेतो आणि त्यांची सरासरी काढतो. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे थांबतो आणि मुख्य म्हणजे दिवसाची वेळ बदलतो. ही वेळेची बाब अनुभवी लोकही विसरतात. जीपीएसचे उपग्रह बारा तासांना किंचित कमी वेळात पृथ्वीप्रदक्षिणा करतात, त्यामुळे आकाशातील त्यांची तीच रचना रोज सुमारे चार मिनिटे आधी पुन्हा दिसते. तुम्ही रोज सकाळी नऊलाच गेलात, तर त्याच कड्यावर आपटलेला तोच संकेत तुम्हाला जवळजवळ तीच चूक पुन्हा देईल, आणि तिन्ही मापे जुळली म्हणून तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. एक माप सकाळी, दुसरे दुपारी, तिसरे संध्याकाळी घ्यावे. शेवटी मी आणखी एक करतो: शंभर मीटर दूर जाऊन, जाहीर करायचे आकडे नव्याने भरून, अनोळखी माणसासारखा डब्याकडे चालत येतो. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी डबे शोधावेत, लपवू नयेत.

लपवण्याविषयी आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते आणि इतरांच्या कोड्यांचे न दिसणारे अंतिम टप्पेही त्यात धरले जातात, म्हणून जागा आवडली की लगेच डबा पुरता तयार करून बसू नये. जमीन खणून डबा पुरायचा नसतो. काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली नळी सार्वजनिक पुलाखाली ठेवणे म्हणजे बॉम्बशोधक पथकाला आमंत्रण. खाण्याची वस्तू डब्यात कधीही ठेवू नये, झाकण कितीही घट्ट असले तरी वास प्राण्यांपर्यंत पोहोचतो आणि ते डबा कुरतडतात.

एका सवयीचा मला मनापासून राग आहे, ती म्हणजे डबा न सापडल्यावर ‘हरवला असावा’ असे ठरवून खिशातली दुसरी डबी तिथे ठेवणे आणि ‘सापडला’ अशी नोंद करणे. खरा डबा बहुतेकदा तिथेच असतो. मग पुढच्या माणसाला दोन डबे सापडतात, दोन्हींत अर्ध्या-अर्ध्या नोंदी असतात, आणि मालकाला कोणती वही खरी धरायची ते कळत नाही. सापडला नाही तर ‘सापडला नाही’ असेच लिहावे. त्या नोंदीत कमीपणा काही नाही, उलट लागोपाठ तीन-चार तशा नोंदी दिसल्या तरच मालक जाऊन पाहणी करतो.

नोंद शिसपेन्सिलीने करावी. शाई ओलाव्यात पसरते, आणि सूक्ष्म डब्यांत लिहायला काही नसतेच, तेव्हा पेन्सिल स्वतःची न्यावी. डबा परत ठेवताना मात्र पाचएक सेकंद जास्त द्यावेत. वहीची प्लॅस्टिक पिशवी कोंबून झाकण दाबले की पिशवीचा एखादा कोपरा झाकणाच्या रबरी कड्यात अडकतो आणि त्या सुरकुतीतून पावसाचे पाणी थेंब थेंब आत झिरपते. महिन्याभराने वहीचा लगदा होतो. पिशवीतली हवा काढून तोंड बंद करावे, ती दुमडून मध्यभागी ठेवावी, झाकण लावल्यावर कडेने एकदा बोट फिरवावे आणि कुठे प्लॅस्टिक लागले तर झाकण उघडून पुन्हा लावावे.