एमडीनंतर डायबेटिसमध्ये रिसर्च करायचाय? फेलोशिपची तयारी अशी करा

इंदूरमध्ये मेडिसिनचं एमडी झालं की दोनच रस्ते दिसतात, कॉर्पोरेट हॉस्पिटलला लागा नाहीतर क्लिनिक टाका, आणि रात्रभर मिठाई-चाट खाऊ घालणाऱ्या सराफा बाजाराच्या या गावात शुगरचे पेशंट कमी पडणार नाहीत हेही खरंच. पण ज्यांना शिकवायचंय आणि रिसर्चपण करायचाय त्यांच्यासाठी रिसर्च ट्रेनिंग फेलोशिप असते. पैसे मिळतात ते ठीक, खरी मिळते ती सवड, ओपीडी-इमर्जन्सीच्या रगाड्यातून काही वर्षं सुटका.

फॉर्म उघडायच्या आधी प्रश्न ठरवा, सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला. ‘आदिवासींमधला डायबेटिस’ हा विषय झाला, प्रश्न नाही. एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडचे पेशंट येतात आणि त्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकल सेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत, त्यामुळे एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) असायला हवं त्यापेक्षा कमी येतं. नुसता ट्रेट असला, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच जीन आला आणि आजार नाही, तरी थोडं कमी येतं, हे अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासातून 2017 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. मग प्रश्न असा बनतो: ट्रेट असलेल्या आपल्याकडच्या माणसांत फक्त एचबीएवनसी केलं तर 75 ग्रॅम ग्लुकोज टेस्टमध्ये (ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात ती) सापडले असते असे किती डायबेटिस सुटून जातात? कोणावर, कशाशी ताडून, काय मोजणार, सगळं एका वाक्यात आलं. एचबीएवनसी कुठल्या मशीनवर करणार तेही लिहा, काही पद्धतींत सिकल हिमोग्लोबिनमुळे रीडिंगच गडबडतं आणि रिव्ह्यूअर हे विचारणारच.

मग गाइड. नुसतं मोठं नाव बघून जाऊ नका, त्यांच्या हाताखालची आधीची मुलं आता कुठे आहेत ते विचारा. लॅबचं काम असेल तर सिमरोलला आयआयटी आहे, डायबेटिसमधला जाणता माणूस हवा तर पुणे किंवा चेन्नईला मेल टाका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटने 1993 पासून आसपासच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, ‘बारीक पण चरबी जास्त’ असं आपलं भारतीय बाळ तिथूनच जगाला कळलं. स्टॅटिस्टिशियनला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सँपल साइज शेवटी विचारायला गेलात तर तो फक्त हसतो.

अर्ज कुठे करायचा? आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) योजना आहेत आणि 2008 पासून डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स आहे, तिच्यात डॉक्टरांसाठी वेगळी क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ फेलोशिप असते. योजनांची नावं आणि अटी बदलत राहतात, सीनियरने दिलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका, चालू कॉल वाचा. डायबेटिस यूके या ब्रिटिश संस्थेची सर जॉर्ज अल्बर्टी फेलोशिप डॉक्टरांना पीएचडी करता यावी म्हणून आहे, पण तिला ब्रिटनमधली होस्ट संस्था लागते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेचं के-23 हे डॉक्टरांसाठीचं अनुदान नेटवर सारखं दिसतं, तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर तो टॅब बंद करा.

एथिक्स कमिटीचा अर्ज लवकर टाका, मीटिंग रोज नसते. एखादं औषध किंवा उपाय देऊन ट्रायल करणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी हवीच, 2009 पासून ती सक्तीची आहे. थोडा पायलट डेटा, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतली माहिती, असला तर फार बरं, पन्नास पेशंटचा पण नीट गोळा केलेला चालतो.

इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस डायबेटिसवाल्यांसमोर नको, सर्जरीतल्या मित्रासमोर करा, त्याला तीन मिनिटांत कळलं नाही तर पॅनेललाही कळणार नाही.

आणि भिया, सरकारी कॉलेजात असाल तर डीनची एनओसी आणि बाँडचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचा, हिशोब आधी करा. आठवड्यातले किती दिवस ड्यूटीतून मोकळे ते एचओडींकडून लेखी घ्या, ‘बघू, करू अ‍ॅडजस्ट’ म्हणाले तर तिथेच बसून पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून सहीला ठेवा.