जुने प्लास्टिकचे डायनोसॉर जमवताना या चुका टाळा

पोटावर १९७४ असा आकडा आहे म्हणजे तो डायनोसॉर १९७४ सालीच बनला, असं धरून पैसे मोजणं ही या छंदातली नेहमीची चूक आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्स या कंपनीने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी १९७४ पासून डायनोसॉरची मालिका काढली. बहुतेक प्राणी १:४५ या प्रमाणात, एकरंगी, आणि त्या काळाच्या मानाने फार अभ्यासपूर्वक घडवलेले. (मास्टरमाइंड हा रंगीत खुंट्यांचा खेळही याच कंपनीने विकला.) मालिका पुढे बरीच वर्षं चालू राहिली. पोटावरचं साल मूळ शिल्पाच्या स्वामित्वहक्काचं असतं. साचा तोच, म्हणून आकडाही तोच. पहिल्या वर्षी निघालेला नग आणि दहा वर्षांनी निघालेला नग, दोघांच्या पोटावर एकच साल दिसतं. त्या आकड्यावरून इतकंच कळतं, की नग त्याआधीचा नाही.

त्याच ठशातलं नावही लोकांना चकवतं. तिथे 'ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी' असं कोरलेलं असतं, आणि विक्रेते खुशाल 'ब्रिटिश म्युझियमचा डायनोसॉर' म्हणून जाहिरात करतात. नॅचरल हिस्टरी म्युझियम १९६३च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमपासून वेगळं झालं होतं, पण कागदोपत्री जुनं नाव १९९२ पर्यंत टिकलं. म्हणून हे नाव ठशात आहे. त्यावरून नग दुर्मिळ ठरत नाही.

'रंगवलेला व्हेरिएंट' घेण्याआधी

इन्व्हिक्टाने शेवटच्या काळात काही प्राणी रंगवूनही विकले, त्यामुळे 'पेंटेड व्हेरिएंट' (रंगवलेला, नेहमीपेक्षा वेगळा नग) असं म्हटलं की भाव चढतो. इथे घाई करू नका. एकरंगी नग घरी रंगवणं कुणालाही जमतं, आणि मुलांनी तर तसे ढिगाने रंगवले आहेत. तळपाय आणि पोटावरची अक्षरं भिंगातून बघा. घरी ब्रशने दिलेला रंग अक्षरांच्या खोबणीत साचतो, पायाच्या बोटांमध्ये थेंब धरतो, आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, त्या जोडरेघेपाशी त्याची जाडी बदलते. शक्य असेल तर त्याच प्राण्याच्या दुसऱ्या रंगीत नगाचा फोटो शेजारी ठेवा. कारखान्यातल्या कामात रंगाच्या कडा सगळ्या नगांवर जवळपास त्याच जागी येतात. तुमच्या समोरच्या नगावरचे पट्टे दुसऱ्या कुठल्याच नगाशी जुळत नसतील, तर तो रंग घरचा समजा आणि भाव साध्या नगाचा द्या.

मार्क्सचा साचा जुना, नग मात्र नवा

अमेरिकेच्या लुई मार्क्स कंपनीने पन्नासच्या दशकात डायनोसॉरचे संच काढले. सोबत डोंगर, झाडं, गुहेत राहणारी माणसं. यातला पोट सुटलेला टायरॅनोसॉरस संग्राहकांमध्ये फार प्रसिद्ध आहे. त्या काळी टी रेक्स तसाच दाखवत. येल विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियममध्ये रुडॉल्फ झालिंगर यांनी १९४७ साली पूर्ण केलेलं भव्य भित्तिचित्र बघा, तिथेही तो पोटाळ आणि ताठ उभा आहे.

कंपनी १९७२ मध्ये क्वेकर ओट्सने विकत घेतली, पुढे ती एका ब्रिटिश समूहाकडे गेली आणि १९८० मध्ये बंद पडली. पोलादी साचे मात्र राहिले. ते हातोहात फिरले आणि त्यांतून पुन्हा माल काढला गेला. त्यामुळे 'मूळ साच्यातला' हे शब्द खरे असूनही नग तीस-चाळीस वर्षांनंतरचा असू शकतो. विक्रेता खोटं बोलत नाही, आपणच त्याच्या वाक्यात नको ते वाचतो. पुनर्निर्मितीचे रंग बरेचदा भडक आणि अगदी एकसारखे असतात, तर जुन्या मालात करडा, हिरवा, तपकिरी अशा मळकट छटा दिसतात. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, कारण फोटोत रंग फसवतो. घासल्याच्या खुणा, उंचवट्यांवर आलेली चकाकी, खोबणीत बसलेला वर्षानुवर्षांचा मळ हे सगळं एकत्र बघा.

मार्क्सच्या डायनोसॉरवर प्राण्याचं नाव कोरलेलं असतं. त्यावरून आणि मापावरून नक्कल ओळखण्याची एक भरवशाची रीत आहे, तिच्यावर थोडं थांबून सांगतो.

एखाद्या नगावरून नवा साचा घेतला आणि त्यात प्लास्टिक ओतलं, की थंड होताना ते आकसतं. पॉलिथिलीन साधारण दीड ते तीन टक्के आकसतं. मूळ नग आधीच एकदा आकसलेला असतो, म्हणून त्याची नक्कल आणखी लहान निघते. १५ सेंटीमीटरच्या नगात हा फरक सव्वादोन ते साडेचार मिलिमीटरचा होतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या व्हर्नियर कॅलिपरने लगेच कळतो. शेपटी वाकते, त्यामुळे लांबी मोजू नका. दोन पायांमधलं अंतर किंवा डोक्याची रुंदी मोजा, कारण ती मापं सहसा बदलत नाहीत. मग अक्षरं बघा. नकलेत ती बुजलेली, कडा गोल झालेली दिसतात, किंवा कुणीतरी ती आधीच भरून टाकलेली असतात. कातडीच्या सुरकुत्यांचंही तेच होतं.

अर्धवट शेपूट: व्हेरिएंट की मोडका नग?

वेगळ्या नगांबद्दल सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने सोडतात. दाब किंवा उष्णता कमी पडली, तर ते शेपटीच्या, शिंगाच्या किंवा बोटाच्या टोकापर्यंत पोचत नाही. असा नग अपुरा निघतो. बहुतेक वेळा तो कारखान्यातच बाजूला टाकतात, पण एखादा सुटतो. त्याचं टोक गोलसर, गुळगुळीत, जणू थेंब थिजावा तसं असतं. जोडरेघ त्या टोकाकडे जाताना हळूहळू विरत जाते.

कापलेली शेपूट निराळी दिसते. कापलेला भाग सपाट असतो, त्यावर पात्याच्या बारीक समांतर रेघा असतात, आणि जोडरेघ कडेपर्यंत येऊन एकदम थांबते. ओढून तोडलेली असेल तर प्लास्टिक ताणलं गेल्याने तिथे पांढुरका डाग पडतो. लहान मुलाने किंवा कुत्र्याने चावलेली असेल तर दातांचे खड्डे दिसतात. कापलेलं टोक गरम करून गोल करणारेही आहेत. तिथली चकाकी बाकीच्या अंगापेक्षा जास्त असते आणि सुरकुत्या टोकाच्या आधीच सपाट झालेल्या असतात. या खुणांचा जवळून घेतलेला फोटो मागा. विक्रेता तो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर नग सोडून द्या.

रंग मिसळलेले, संगमरवरासारखे नगही असेच. यंत्रात एक रंग संपवून दुसरा भरला, की मधले काही नग दोन्ही रंगांचे निघतात. अशा नगात रंगाचे धागे पृष्ठभागाच्या आतही जातात आणि प्लास्टिक साच्यात जसं वाहत गेलं, त्या दिशेने वळतात. वरून दिलेला रंग तळव्याच्या घासलेल्या भागात नाहीसा होतो, मिसळलेला रंग तिथेही दिसतो.

साहित्य न ओळखता धुणं, जोडणं, सरळ करणं

जुन्या खेळण्यांमध्ये मुख्यतः तीन प्रकारचं प्लास्टिक भेटतं. पॉलिथिलीन हाताला मेणासारखं लागतं आणि पाण्यावर तरंगतं. मऊ पीव्हीसी रबरासारखं, जड, बुडणारं. पॉलिस्टायरीन कडक, टकटक वाजणारं, तेही बुडतं. नग पोकळ असेल तर तरंगण्यावरून काहीच ठरवू नका.

न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक मेळ्यात सिंक्लेअर या तेल कंपनीच्या डायनोलँडमध्ये मोल्ड-ए-रामा यंत्रं होती. नाणी टाकली की समोरच डायनोसॉर तयार होऊन गरम गरम हातात येई. ते पोकळ पॉलिथिलीनचे असतात, तरी त्यांना 'मेणाचे' म्हणून विकतात. तशीच यंत्रं शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नंतरही चालली आहेत, तेव्हा मोल्ड-ए-रामाचा प्रत्येक डायनोसॉर जागतिक मेळ्यातला नसतो. सिंक्लेअरचं नाव तळाशी आहे का ते बघा.

धुवायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल लावू नका. पॉलिस्टायरीन त्याने विरघळतं, रंग उतरतो. पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पांढऱ्या-करड्या कॉम्प्युटरच्या डब्यांसाठी निघालेला उपाय आहे. रंगीत डायनोसॉरवर त्याने पांढरे चट्टे पडतात, आणि ते पुन्हा भरून निघत नाहीत. पोटावर एखाद्या मुलाने बॉलपेनने नाव लिहिलं असेल तर ते राहू द्या, असं माझं ठाम मत आहे. घासून घासून तिथली अक्षरं आणि सुरकुत्या गेल्या, तर नगाची ओळखच गेली.

पाय वाकलेले पॉलिथिलीनचे नग मात्र सरळ होतात. उकळतं नाही, पण हात घालवणार नाही इतकं गरम पाणी घ्या, पाय मिनिटभर बुडवा, चिमट्याने काढून हव्या त्या जागी धरा आणि गार पाण्यात घाला. उन्हात राहिलेला, बारीक तडे गेलेला नग या वाटेला नेऊ नका, तो तडकतो. आणि पॉलिथिलीनला डिंक-गोंद किंवा फेव्हिक्विक नीट धरत नाही. तुटलेला पाय जोडण्यापेक्षा पिशवीत नगासोबत जपून ठेवा.

ठेवण्यातल्या चुका

मऊ पीव्हीसीमध्ये ते मऊ राहावं म्हणून तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षांनंतर ते बाहेर पाझरतं आणि नग चिकट होतो. तो पॉलिस्टायरीनला चिकटून राहिला तर ते द्रव्य त्यात उतरतं आणि कडक प्लास्टिक त्या जागी मऊ पडून खचतं. एका डब्यात सगळे प्राणी कोंबणाऱ्यांचं नुकसान असंच होतं. पीव्हीसीचे नग वेगळे, प्रत्येक नग साध्या पांढऱ्या कागदात किंवा पॉलिथिलीनच्या पिशवीत, पिशवीचं तोंड उघडं. चिकट झालेला नग साबणाने धुऊन कोरडा करा. टाल्कम पावडर फासू नका, ती सुरकुत्यांत जाऊन बसते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मळावर बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी सगळे नग धुऊन पूर्ण वाळवून ठेवा. काचेचं कपाट खिडकीसमोर असेल तर ते हलवा. उन्हाने रंग उडतो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. पाऊस आणि ऊन यांपैकी ऊनच जास्त घातक.

हाँगकाँगचा माल टाकून देणं

'मेड इन हाँगकाँग' दिसलं की नक्कल म्हणून बाजूला सारायची सवय सोडा. त्यातले बरेच नग मार्क्सची नक्कल आहेत हे खरं, पण त्या पिशव्यांमध्ये कुठल्याच प्राण्याशी न जुळणारी विचित्र जनावरंही असत. गॅरी गायगॅक्स यांनी अशाच एका स्वस्त पिशवीतल्या प्राण्यांवरून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळातला रस्ट मॉन्स्टर आणि आऊलबेअर रचले. त्याच प्रकारच्या खेळण्यावरून आलेला बुलेट हा राक्षस १९७६ मध्ये ड्रॅगन मासिकाच्या पहिल्या अंकात छापून आला. आज ते मूळ प्लास्टिकचे प्राणी लोक शोधत फिरतात.

नोंद करताना ठशावरचं जुनं नाव जसंच्या तसं लिहा. 'ट्रॅकोडॉन' खोडून नवं नाव लिहिलंत, तर दुसऱ्या संग्राहकाला तो नग शोधता येत नाही. आजचं नाव शेजारी दुसऱ्या रकान्यात द्या. ब्रॉन्टोसॉरसचं बघा ना: १८७९ मध्ये नाव दिलं, १९०३ मध्ये ते अ‍ॅपाटोसॉरसमध्ये विलीन झालं, आणि २०१५ च्या अभ्यासाने ते वेगळं म्हणून परत आणलं.

एकत्र आलेला लॉट लगेच सुटा करू नका. आधी सगळे नग एकत्र मांडून वरून एक आणि तळाकडून एक असे फोटो काढा, पिशवी किंवा खोक्याचे तुकडेही त्यात घ्या. कुठल्या रंगाचे नग एकमेकांसोबत आले, कुठल्या प्राण्याचे दोन नग होते, कुठला नव्हता, यावरून पुढे तो संच कोणत्या काळातला ते ठरवता येतं.