विश्वास आणि घरचा हिशेब : अडचणीच्या काळात या चुका टाळा

नोकरी जाते, धंदा मंदावतो किंवा महागाई पगाराच्या पुढे निघून जाते, तेव्हा अनेक ख्रिस्ती घरांत दोन गोष्टी एकदमच घडतात : प्रार्थना वाढते आणि हिशेबाची वही बंद होते. प्रार्थना वाढायलाच हवी. पण वही उघडण्याची खरी गरजही त्याच दिवसांत असते. मी पाहिलेल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी पैशांविषयीचे अज्ञान नव्हते. जो आकडा पाहवत नव्हता, त्यावर पवित्र शास्त्रातील एखादे वचन झाकण म्हणून ठेवले गेले होते. वचन खरेच असते, परंतु ज्या कामासाठी ते दिलेले नाही त्या कामाला ते जुंपले जाते.

‘चिंता करू नका’ याचा अर्थ ‘हिशेब करू नका’ असा लावणे

मत्तयाच्या ६ व्या अध्यायात प्रभू येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतात. त्याच प्रभूने लूक १४:२८ मध्ये दाखला दिला आहे की, बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. या दोन शिकवणींत विरोध नाही. आकडा माहीत नसताना मन एकाच भीतीभोवती फिरत राहते, ती चिंता. आकडा कागदावर उतरला की त्या भीतीला निदान सीमा तरी येते. ‘पैसे पुरत नाहीत’ या वाक्यावर काहीच करता येत नाही. ‘दरमहा उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाइतकी तूट येते’ हे कळले, की ती कुठून भरून काढायची याचा विचार सुरू होऊ शकतो, आणि प्रार्थनाही नेमकी होते.

मागील ३ महिन्यांचा सगळा खर्च एका कागदावर लिहावा. त्यातून निवारा, अन्न, औषधे, वीज-पाणी, मुलांचे शिक्षण आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च वेगळा काढावा. विम्याचा हप्ता, शाळेची फी आणि नाताळ यांच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. त्यांची बेरीज करून तिला १२ ने भागावे आणि तो आकडा दरमहाच्या खर्चात धरावा. अनेक घरांची अंदाजपत्रके याच खर्चांपाशी मोडतात. पती-पत्नीपैकी एकानेच कागद पाहून दुसऱ्याला ‘त्रास नको’ म्हणून अंधारात ठेवणे हे प्रेमापोटी होते हे मला मान्य आहे, तरीही ते टाळावे, कारण ज्याला तूट माहीत नाही तो खर्च कमी करू शकत नाही.

कर्ज लपवणे आणि हप्ता चुकल्यावर सावकाराला टाळणे

कर्जाविषयी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) मोठी लाज आहे. नीतिसूत्रे २२:७ मध्ये ऋणको धनकोचा दास होतो असे म्हटले आहे, आणि ते वचन इतक्या कठोरपणे ऐकवले जाते की कर्जात बुडालेला विश्वासू माणूस ते पापासारखे लपवू लागतो. परंतु नहेम्याचा ५ वा अध्याय जरूर वाचावा. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. यहूदाचा अधिपती नहेम्या संतापला तो कर्ज घेणाऱ्यांवर नव्हे, तर त्यांच्याकडून व्याज घेणाऱ्या सरदारांवर आणि अधिकाऱ्यांवर. भुकेपोटी घेतलेले कर्ज आणि हौसेपोटी घेतलेले कर्ज यांत फरक आहे, आणि तो ओळखणे हे करुणेचे काम आहे.

बाहेर पडण्याची वाट मला २ राजे ४:१-७ या उताऱ्यात सर्वांत स्पष्ट दिसते. एका विधवेच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी सावकार आला आहे. ती आपली अडचण अलीशा संदेष्ट्याला उघड सांगते. अलीशा तिला पहिल्यांदा विचारतो की, घरात काय आहे? तेलाच्या एका लहान भांड्याशिवाय काही नाही, असे ती सांगते. त्यानंतर तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावी लागतात, म्हणजे अडचण लपून राहत नाही. चमत्कार होतो, आणि चमत्कारानंतरची आज्ञा अगदी व्यवहाराची असते : तेल विक, कर्ज फेड आणि जे उरेल त्यावर तू व तुझी मुले उदरनिर्वाह करा. आहे त्याची मोजदाद, उघडपणे मागणे, फेड आणि मग निर्वाह, हा क्रम आजही उपयोगी पडतो.

सर्व कर्जांची यादी करून प्रत्येकासमोर शिल्लक रक्कम, व्याजदर आणि हप्ता लिहावा. दरमहा शेकडा ३ हा दर ऐकायला हलका वाटतो. पण व्याज मुद्दलात मिळत गेले तर वर्षाला तो ४२ टक्क्यांच्या वर जातो आणि सुमारे २४ महिन्यांत देणे दुप्पट होते. म्हणून प्रत्येक कर्जाचा किमान हप्ता भरल्यावर जे काही उरेल ते सर्वांत महाग कर्जाकडे वळवावे. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच, चुकण्याआधीच, सावकाराकडे किंवा बँकेत जाऊन मुदतवाढ मागावी, आणि मिळालेली सवलत लेखी घ्यावी. मुदत वाढली की हप्ता उतरतो, परंतु एकूण व्याज वाढते, हे सही करण्यापूर्वी तपासावे. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे, अधिक महाग कर्ज घेणे ही या सगळ्यांतील सर्वांत घातक चूक होय.

अर्पणाला गुंतवणूक समजणे, किंवा ते अपराधीपणाने देणे

इथे मी काळजीपूर्वक लिहितो, कारण दशमांशाविषयी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याविषयी, मंडळ्यांची मते वेगवेगळी आहेत आणि कोणाच्याही निष्ठेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. मात्र मलाखी ३:१० हे वचन ‘द्या, म्हणजे कर्ज फिटेल’ असे आश्वासन म्हणून वापरले जाते, तेव्हा मन व्यथित होते. त्याच वचनात दशमांश भांडारात आणण्याचे कारण दिले आहे : देवाच्या मंदिरात अन्न असावे. अनुवाद १४:२८-२९ प्रमाणे तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (मंदिरसेवेचा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून राखून ठेवला जाई. जी व्यवस्था उपाशी माणसाच्या ताटात अन्न पडावे म्हणून होती, तिच्याच नावाने उपाशी घराने कर्ज काढून अर्पण द्यावे, असा अर्थ त्यातून निघत नाही. नियमशास्त्रातील दशमांश पिकाचा आणि कळपाचा होता, म्हणजे हाती आलेल्या उत्पन्नाचा. उधार आणलेला पैसा हे उत्पन्न नव्हे.

मार्क ७:११ मध्ये प्रभू येशू अशांना दोष देतात, जे आईवडिलांच्या निर्वाहाचे धन देवाला अर्पण केल्याचे सांगून ती जबाबदारी टाळत होते. प्रेषित पौल २ करिंथकरांस ८:१२ मध्ये लिहितो की, जवळ जे नाही त्याप्रमाणे नव्हे, तर जे आहे त्याप्रमाणे देणे मान्य होते. उत्पन्न घटले की अर्पणही त्या प्रमाणात घटेल, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

याच्या उलट, पहिली काटछाट अर्पणातच करून बाकीचा खर्च तसाच चालू ठेवणे हीही चूक आहे. हिशेबाच्या कागदावर अर्पणाची ओळ लहान झाली तरी ती पुसू नये, असे माझे मत आहे. जिथे पैसा खरोखरच नाही, तिथे वेळ आणि श्रम देता येतात.

बचतीला हात लावणे म्हणजे अविश्वास मानणे

मिसर देशाचा कारभार पाहणाऱ्या योसेफाने सुकाळाच्या ७ वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, हे बचतीच्या प्रत्येक प्रवचनात येते. दुष्काळ पडल्यावर त्याने कोठारे उघडली, हे उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायाच्या अखेरीस आहे आणि ते क्वचितच सांगितले जाते. अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा अडचणीत वापरावा. फक्त दरमहा किती काढायचा हे ठरवून काढावा, म्हणजे तो किती महिने पुरेल ते कळेल. काहीजण बँकेत अल्प व्याजावर ठेव तशीच ठेवतात आणि दुसरीकडे महाग कर्जाचे व्याज भरत राहतात. अशा वेळी अगदी तातडीपुरती रक्कम बाजूला ठेवून उरलेल्या ठेवीतून कर्ज कमी करणे बहुधा फायद्याचे ठरते.

‘आपला माणूस आहे’ म्हणून जामीन राहणे किंवा पैसे गुंतवणे

प्रार्थनासभेत ओळख झालेल्या व्यक्तीने सुचवलेल्या योजनेत लोक कागद न वाचता पैसे घालतात, कारण तिथे प्रश्न विचारणे म्हणजे संशय घेणे वाटते. परतावा हमखास आहे, निर्णय आजच घ्या, योजना फक्त आपल्या लोकांसाठी आहे, आणि कमाई नवे सभासद आणण्यावर अवलंबून आहे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी थांबावे. स्वतः पौलाने मदतनिधी नेताना केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख राहावा, याची काळजी घेतली होती (२ करिंथकरांस ८:२०-२१). त्यामुळे हिशेब मागितल्याने विश्वासाचा अपमान होत नाही. आधीच जामीन राहिला असाल तर नीतिसूत्रे ६:१-५ मधील सल्ला सरळ आहे : झोप न घेता जा, नम्रपणे विनवणी कर आणि स्वतःला सोडवून घे.

मदत मागायला फार उशीर करणे

जे वर्षानुवर्षे इतरांना देत आले, तेच घेण्याची वेळ आल्यावर सर्वांत जास्त काळ गप्प राहतात. यरुशलेमच्या मंडळीत काही विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होते. तक्रार उघडपणे पुढे आली, म्हणूनच ७ जणांची नेमणूक झाली (प्रेषितांची कृत्ये ६:१-६). रोमी सम्राट क्लौद्याच्या काळातील दुष्काळासाठी अंत्युखियातील शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांना मदत पाठवली. पाळकांकडे किंवा मंडळीच्या पंचांकडे जाताना हिशेबाचा कागद सोबत न्यावा आणि कोणता खर्च, किती रक्कम व किती महिने, हे नेमके सांगावे. मिळणारी रक्कम देणगी आहे की परतफेडीची, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावे, आणि परतफेडीची असेल तर ती कर्जांच्या यादीत त्याच दिवशी लिहावी.