वायफायचा पासवर्ड दुकानाच्या पाटीवर? या चुका टाळा

कोल्हापुरात महाद्वार रोड असो की राजारामपुरी, दुकानाच्या पाटीवर मालकाचा मोबाइल नंबर असतोच. बऱ्याचदा तोच नंबर आतल्या वायफायचा पासवर्ड असतो. कनेक्शन जोडायला आलेला पोरगा विचारतो, "दादा, पासवर्ड काय ठेवू?" मालक गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता म्हणतो, "ठेव की माझाच नंबर." घोळ इथंच होतो.

पाटी कुणी वाचली नाही तरी हा पासवर्ड टिकत नाही. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती रस्त्यावर उभा असलेला माणूसही पकडू शकतो. पुढचं काम घरी बसून. संगणक एकेक नंबर ताडून बघतो. दहा अंकी, पहिला अंक ६ ते ९, म्हणजे ४०० कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर काही तासांत खेळ खल्लास. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांबलचक पासवर्ड ठेवा. 'रंकाळा१२३' नको.

राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेची पद्धत निवडता येते. त्यात डब्ल्यूपीए३ असेल तर तेच निवडा. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत असं घरी बसून ताडता येत नाही. जुना फोन किंवा प्रिंटर जोडला जाईना, तर आधीची पद्धत डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय घ्यावा लागतो, पण मग लांब पासवर्डाला पर्याय नाही. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत दिसली तर राउटरच बदला, ते २००१ मध्येच फुटलंय.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं.

नेटवर्कचं नाव लपवणं, ठरावीक फोनच जोडू देणं हे प्रकार मला तरी वेळ घालवणं वाटतात. नेटवर्कचं नाव आणि राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो त्याचा क्रमांक (मॅक अ‍ॅड्रेस) हवेत उघडेच फिरत असतात.

मिसळीच्या हॉटेलात गिऱ्हाईक, बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर एकाच वायफायवर असतात. गिऱ्हाइकांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांचं वायफाय, वेगळं काढा. पूर्णच उघडं, म्हणजे बिनपासवर्डाचं, मात्र ठेवू नका. २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेला आणि पोलीस आधी कनेक्शनच्या मालकाकडे पोचले.

अंबाबाईच्या दर्शनाला येऊन लॉजवर उतरणाऱ्यांनी एवढंच करावं: लॉजच्याच नावाची दोन नेटवर्कं दिसली तर खरं कोणतं ते काउंटरवर विचारावं, आणि बँकेचं काम मोबाइल डेटावर करावं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

नेट अचानक मंद झालं की कंपनीला शिव्या घालण्याआधी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी नाव दिसलं तर वायफायचा पासवर्ड बदला. त्या पानाचा 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' हा लॉगिन पासवर्डही बदला, नाहीतर आत शिरलेला माणूस डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, फिरवून तुम्हाला खोट्या साइटवर नेऊ शकतो. बाहेरून राउटर उघडायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, चालू असेल तर बंद करा.

आणि टाचणी खुपसून रिसेट मारायची घाई नको. फायबरच्या डब्यात कंपनीचं युजरनेम आणि सेटिंग भरलेलं असतं, ते पुसलं की नेटच जातं. आधी ते केबलवाल्याकडून लिहून घ्या, शनिवारी संध्याकाळी तो फोन उचलत नाही.