फ्रेंच घराण्याचे कुलचिन्ह कसे वाचावे

सिंह म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, अशी तयार यादी घेऊन फ्रेंच कुलचिन्हाचा अर्थ लावायला बसू नका. अशा याद्या बहुतेक नंतरच्या लोकांनी रचलेल्या आहेत. ढालीवरच्या खुणा सांगतात ते घराण्याचे नाव, शाखा आणि सोयरीक.

आधी बाजू पक्की करा. ढालीची उजवी-डावी ठरते ती ढाल धरणाऱ्याच्या हातावरून, म्हणजे वर्णनातली 'उजवी' बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते. मोहरेच्या अंगठीवर नक्षी उलटी कोरलेली असते, म्हणून ती लाखेत किंवा मऊ मेणात दाबावी आणि उमटलेला ठसा वाचावा.

मग रंग. सोनेरी (ऑर) आणि चंदेरी (आर्जाँ) हे दोन 'धातू'. निळा अझ्युर, तांबडा ग्यल, काळा साब्ल, हिरवा सिनोप्ल, जांभळा पुर्प्र. छापील काळ्या-पांढऱ्या चित्रात ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा चंदेरी, उभ्या रेघा तांबडा, आडव्या निळा, उभ्या-आडव्यांची जाळी काळा. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, हा मूळ नियम. तो मोडलेला दिसला तर आधी आपल्या वाचनावर शंका घ्या: जुन्या चित्रातला चांदीचा वर्ख काळवंडतो आणि तो साब्ल समजला जातो. जाणूनबुजून नियम मोडल्याचे प्रसिद्ध उदाहरण जेरुसलेमच्या राजांचे, चांदीवर सोन्याचे क्रूस.

आता मुख्य आकृती. इथे सर्वांत आधी घराण्याचे नाव मोठ्याने म्हणून पाहा, कारण कितीतरी आकृत्या नावावरची कोटी असतात. चौदाव्या लुईचे मंत्री कोल्बेर यांच्या सोनेरी ढालीवर निळा साप वळवळत उभा आहे; लॅटिनमध्ये सापाला 'कोलुबेर' म्हणतात. त्यांचे प्रतिस्पर्धी फूके यांची तांबडी खार चंदेरी ढालीवर चढते आहे. पश्चिम फ्रान्सच्या बोलीत 'फूके' म्हणजे खार. त्यांच्या व्हो-ल-व्हिकोंतच्या वाड्यात ही खार सजावटीत जागोजागी दिसते. नाटककार रासीन यांच्या कुलचिन्हात उंदीर (रा) आणि हंस (सिन्य) होते. त्यांना उंदीर पसंत नव्हता, त्यांनी हंस तेवढा ठेवला. चपळाईचे किंवा पावित्र्याचे प्रतीक शोधत बसलात तर हे सगळे हातचे निसटते.

नंतर शाखेची खूण पाहा. फ्रान्सच्या राजाची निळी ढाल, तिच्यावर तीन सोनेरी लिली. ओर्लेआँच्या धाकट्या पातीने त्यावर चंदेरी पट्टी घातली, तिला खाली लोंबणारी तीन टोके असतात. आँजूच्या ड्यूकांनी तांबडी किनार घेतली. ढालीचे चार भाग असतील तर त्यात वारशाने किंवा लग्नाने आलेली घराणी शोधा. दोन ढाली शेजारी-शेजारी असतील तर सहसा ते जोडपे असते आणि नवऱ्याची ढाल पाहणाऱ्याच्या डावीकडे.

मुकुटावर विसंबू नका. सतराव्या-अठराव्या शतकात पदवी नसलेल्यांनीही काउंटचा मुकुट सर्रास लावला. मुळात कुलचिन्ह हे सरदारकीचा पुरावाही नाही; व्यापारी, कारागीर, शेतकरीसुद्धा ते बाळगत. 19 जून 1790 रोजी क्रांतीने कुलचिन्हे रद्द केली. पुढे नेपोलियनने 1808 मध्ये नवी पद्धत आणली. तिच्यात काउंटच्या ढालीला वरच्या डाव्या कोपऱ्यात (पाहणाऱ्याच्या) निळा चौकोन, बॅरनच्या ढालीला वरच्या उजव्या कोपऱ्यात तांबडा. असा चौकोन दिसला की ढालीचा काळ कळला.

शेवटी नोंद शोधा. 1696 च्या राजाज्ञेने कुलचिन्हे नोंदवून घेतली, व्यक्तीमागे 20 लिव्र शुल्क. ही नोंदवही फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संकेतस्थळावर मोफत पाहता येते, पण ती प्रांतवार लावलेली आहे, म्हणून घराण्याचे गाव आधी ठाऊक हवे. नुसत्या आडनावावरून चिन्ह उचलू नका. एकाच आडनावाच्या दोन घराण्यांची चिन्हे वेगळी असू शकतात. आणि नोंद 'दॉफिस' असेल तर थांबा: ज्यांनी स्वतःहून चिन्ह दिले नाही, त्यांना कारकुनांनी ते परस्पर जोडून दिले. त्यातून घराण्याचा इतिहास निघत नाही.