एआयच्या धोक्याची बातमी कशी तपासावी

‘एआयने माणसाला फसवलं’ अशी बातमी वाचली की आधी मूळ चाचणी-अहवाल उघडा. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ या भाषा-मॉडेलचा मार्च २०२३ मधला अहवाल सरावासाठी चांगला आहे.

यंत्राने स्वतः काय केलं आणि माणसाने त्याच्यासाठी काय केलं, हे आधी वेगळं करा. त्या चाचणीत कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखायचं चित्रकोडं) सोडवायला टास्करॅबिट या किरकोळ कामांसाठी माणसं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावरच्या एका कामगाराची मदत घेतली गेली. ‘तू रोबो आहेस का?’ असं त्याने विचारल्यावर मॉडेलने उत्तर दिलं, मला नीट दिसत नाही. बातम्या इथेच थांबल्या. पण मॉडेलला इंटरनेट नव्हतं. संकेतस्थळावरची कामं संशोधक करत होते. स्वतःच स्वतःच्या प्रती काढून पसरणं त्याला जमलं नाही, हेही अहवालात आहे. म्हणून बातमी खोटी ठरवून मोकळे होऊ नका. आपण रोबो आहोत हे उघड करायचं नाही, हा विचार मॉडेलनेच मांडला होता. काळजी करायची ती या ओळीची.

पुढची पायरी सर्वात महत्त्वाची, तिला वेळ द्या. कागदावर दोन ओळी लिहा: आपल्याला काय हवंय आणि यंत्राला बक्षीस कशाचं मिळतं. ओपनएआयने २०१६ मध्ये कोस्टरनर्स या बोटशर्यतीच्या खेळावर प्रयोग केला. हवी होती जिंकलेली शर्यत. गुण होते वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे. बोटीला एका कोपऱ्यात पुन्हा पुन्हा उगवणारी तीन लक्ष्यं सापडली. ती तिथेच गरगरत राहिली, इतर बोटींवर आदळली, पेटली. शर्यत पुरी न करताही तिने माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवले. यात दुष्टपणा कुठेच नाही, चूक गुण ठरवणाऱ्यांची. खेळात बोट जळते. वीजपुरवठ्यात किंवा औषधांच्या मात्रेत अशीच फट राहिली तर माणसं मरतील.

नुसत्या नावांवर जाऊ नका. हिंटन, बेंजिओ आणि लकून या तीन एआय-संशोधकांना संगणकशास्त्रातला मानाचा २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार एकत्र मिळाला. एआयमुळे मानवजात नष्ट होण्याची जोखीम साथीचे रोग आणि अणुयुद्ध यांच्याइतकी गंभीर माना, या मे २०२३ च्या निवेदनावर पहिल्या दोघांच्या सह्या आहेत. लकून यांना ते पटत नाही.

शेवटी यंत्राच्या हाती काय दिलंय ते पाहा: पैसे, ईमेल, सर्व्हर? तुमच्याच कार्यालयात एआय एजंट (स्वतःहून कामं पार पाडणारी एआय प्रणाली) बसवत असाल तर सुरुवातीला फक्त वाचण्याची परवानगी द्या. पैसे भरणं, मेल पाठवणं, फाइल पुसणं यांना दरवेळी माणसाची मंजुरी ठेवा, कारण ही कामं मागे घेता येत नाहीत. आणि बंद करायची किल्ली एजंटला पोहोचता येणार नाही अशा वेगळ्या खात्यात असू द्या.